काळे, कावळे आणि कासार: लिब्रेऑफिस कॅल्कच्या अकारविल्हे क्रमवारीचे परीक्षण

आमच्या वाचनालयाच्या जुन्या छापील ग्रंथसूचीत काळे आडनावाच्या लेखकांची पुस्तके कालेलकरांच्या लगेच मागे आणि कावळ्यांच्या पुढे लागली होती. एका निवृत्त शिक्षकांनी ‘का’चे पान उघडले आणि शाळेत शिकवलेल्या वर्णमालेप्रमाणे थेट शेवटाकडे, कासारांच्या खाली, पाहिले. तिथे काळे नव्हते. पुस्तक संग्रहात नाही असे समजून त्यांनी ते विकत घेण्याची मागणी नोंदवली आणि आम्हीही ती मंजूर केली. पुढे नवी प्रत कपाटात ठेवायला गेल्यावर जुनी प्रत शेजारीच उभी असलेली दिसली. सूचीतील सर्व नोंदी शुद्ध होत्या, एकही पुस्तक गळले नव्हते, तरीही त्या सूचीने वाचकाला चुकीची माहिती दिली होती. सूचीचे काम माझ्याकडे असल्याने ही गोष्ट मला फार लागली. त्यानंतर काही महिने मी संगणकाच्या क्रमवारीचा पिच्छा पुरवला आणि त्या शोधातून लिब्रेऑफिसमधील कॅल्क या कोष्टक-प्रोग्रामच्या एका लहानशा सोयीपर्यंत पोहोचले. हे परीक्षण त्या एका सोयीचे आहे.

आधी दोष कुठे होता ते सांगणे आवश्यक आहे. आमची जुनी सूची ज्या प्रोग्राममध्ये तयार झाली होती, तो अक्षरांचा क्रम त्यांच्या सांकेतिक क्रमांकांवरून लावत असे. युनिकोडने, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाने, देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे आणि त्या पट्ट्यात ‘ल’चा क्रमांक ०९३२, ‘ळ’चा ०९३३, ‘व’चा ०९३५ आणि ‘ह’चा ०९३९ आहे. युनिकोडने ही मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली. ‘इस्की’चा उद्देश भारतातील अनेक लिप्यांना एकाच साच्यात बसवण्याचा असल्याने तिथे ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी जागा मिळाली. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि त्याच्या मागून ‘क्ष’ व ‘ज्ञ’ येतात. गुजराती आणि कन्नड वर्णमालांतही ‘ळ’ची जागा ‘ह’नंतरचीच आहे. सांकेतिक क्रमांक हा अक्षर साठवण्यासाठी दिलेला पत्ता आहे. कोणत्या भाषेचे लोक ते अक्षर कितव्या स्थानी म्हणतात, हे त्या पत्त्यावरून कळत नाही, आणि कळावे अशी युनिकोडची अपेक्षाही नाही. म्हणूनच क्रमवारीसाठी युनिकोडची स्वतंत्र पद्धती आहे. तिच्यात सर्व लिप्यांसाठी एक मूळ तक्ता असून त्यावर प्रत्येक भाषेचे अपवाद चढवले जातात. हे अपवाद ‘सीएलडीआर’ या सामायिक भाषाकोशात नोंदवलेले असतात आणि ‘आयसीयू’ नावाच्या संग्रहामार्फत ते निरनिराळ्या प्रोग्रामांना मिळतात. मराठीची क्रमवारी लावताना कॅल्क याच मार्गाने जातो.

लिब्रेऑफिसची ओळख बहुतेकांना असेल. ओपनऑफिसपासून वेगळे होऊन डॉक्युमेंट फाउंडेशनच्या छत्राखाली २०१० मध्ये हा प्रकल्प सुरू झाला आणि जानेवारी २०११ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो विनामूल्य चालतो, ही बाब अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयासाठी किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. कॅल्कमध्ये यादी निवडून डेटा मेनूतील सॉर्ट उघडले, की कोणत्या रकान्यावरून क्रम लावायचा हे विचारणारी खिडकी येते. बहुतेक जण तिथेच ‘ओके’ दाबून मोकळे होतात. त्याच खिडकीत ऑप्शन्स नावाचे दुसरे पान आहे आणि त्या पानावर भाषेची एक यादी आहे. ती यादी उलगडून ‘मराठी’ निवडणे, एवढीच काय ती कृती. काही निवडले नाही, तर प्रोग्रामच्या मांडणीत जी भाषा ठरलेली असेल तिचे नियम लागतात. आपल्याकडील असंख्य संगणकांवर ती इंग्रजी असते, कारण संगणक घेताना जे होते ते कोणी बदललेलेच नसते.

आता मुख्य चाचणीकडे येते. पुस्तकांची नावे घेण्याऐवजी मी मुद्दाम महाराष्ट्रातील तालुक्यांची यादी घेतली, कारण ती सर्वांच्या ओळखीची आहे आणि चूक झाली तर चटकन डोळ्यात भरते. तीच यादी मी आधी इंग्रजी, मग हिंदी आणि शेवटी मराठी भाषा निवडून लावून पाहिली. लिपी तिन्ही वेळा देवनागरी, शब्द तेच, संगणक तोच. तरी तीन वेगवेगळे क्रम मिळाले.

इंग्रजी निवडल्यावर अकोला, अचलपूर, अंबरनाथ, अंबाजोगाई, अमरावती असा क्रम आला. प्रथम मला तो यदृच्छेने लागल्यासारखा वाटला, पण त्यामागे नियम आहे. मूळ तक्त्यात अनुस्वाराला स्वतंत्र अक्षराचा दर्जा नाही. फ्रेंच अक्षरांवरील खुणांप्रमाणे तो दुसऱ्या पातळीवरचा, म्हणजे मूळ अक्षरे सारखी निघाली तरच विचारात घ्यायचा, असा मानलेला आहे. त्यामुळे ‘अंबरनाथ’ची तुलना ‘अबरनाथ’ असल्यासारखी होते आणि ते ‘अच’च्या मागे व ‘अम’च्या पुढे जाऊन बसते. ज्या वाचकाला हे ठाऊक नाही त्याला अंबरनाथ सापडणे केवळ नशिबावर अवलंबून राहील. भाषा न निवडता यादी लावणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा क्रम येऊ शकतो, म्हणून मला तो तिन्हींत सर्वांत घातक वाटतो. पहिली दोन-तीन नावे ठीक दिसतात आणि पुढची तपासण्याचे कोणाला सुचत नाही.

हिंदी निवडल्यावर अनुस्वाराला स्वतःची जागा मिळते आणि ती सर्व स्वरव्यंजनांच्या आधी असते, त्यामुळे अंबरनाथ आणि अंबाजोगाई ‘अ’च्या अगदी आरंभी येतात. हिंदी शब्दकोश उघडणाऱ्यांना हा क्रम परिचयाचा आहे. ‘ळ’ मात्र इथेही ‘ल’लाच चिकटून राहतो. प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नसल्याने त्याची सोय करण्याची गरज त्या नियमांना पडलेली नाही, आणि त्याबद्दल हिंदीच्या नियमांना दोष देता येणार नाही. दोष आपलाच, जर आपण लिपी एक म्हणून भाषाही एक धरून चाललो. कल्याण, कळंब, कळमनुरी, कळमेश्वर, कळवण आणि मग कवठे महांकाळ, असा हिंदीचा क्रम. मालवण, मालेगाव, माळशिरस, मावळ, माहूर हाही तिचाच.

मराठी निवडली आणि कणकवली, कन्नड, करमाळा, करवीर, कराड, कर्जत, कल्याण, कवठे महांकाळ, कळंब, कळमनुरी, कळमेश्वर, कळवण, कागल असा क्रम पडद्यावर आला. मालवण, मालेगाव, मावळ, माहूर यांच्या मागे माळशिरस गेले. आडनावांच्या यादीत साठे, सातव, सावंत, सावरकर आणि त्यानंतर साळवी, साळुंखे असे सगळे जागच्या जागी बसले. काळे कासारांच्या खाली आले. त्या शिक्षकांनी जिथे बोट ठेवले होते, नेमके तिथेच. हे पाहून मला मनापासून आनंद झाला. पाटीवर गिरवलेली आपली वर्णमाला जशीच्या तशी कोणीतरी जागतिक तक्त्यात नोंदवून ठेवली आहे आणि एका निवडीसरशी ती कामाला लागते, याचे मोल सूची करणाऱ्या माणसाला विशेष कळेल. गोव्यातील वाचकांसाठी सांगते, की कोकणीच्या नियमांतही ‘ळ’ ‘ह’नंतरच ठेवलेला आहे.

मात्र इथे थांबून समाधान मानले असते तर नवी सूचीही सदोषच निघाली असती. खरी अडचण ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची आहे.

मराठीच्या नियमांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही दोन जोडाक्षरे स्वतंत्र वर्ण मानून ‘ळ’नंतर ठेवलेली आहेत. शब्दाच्या आरंभी हा नियम अगदी योग्य वाटतो. क्षीरसागर ‘क’च्या पानावर शोधायला कोणी जात नाही आणि ज्ञानदेव ‘ज’मध्ये ज्योतीच्या आधी सापडले तर वाचक गोंधळेल. संस्कृत कोशांत ‘क्ष’ हा ‘क’च्याच पोटात असतो, व्याकरणाच्या दृष्टीने तेच तर्कशुद्ध आहे, हे मान्य करूनही मराठी वाचकाच्या सवयीला मी अधिक मान देईन. पण संगणक हा नियम शब्दाच्या केवळ आरंभी लावत नाही. तो मध्येही लावतो आणि शेवटीही लावतो. त्यामुळे ‘अक्षर’ हा शब्द ‘अकबर’च्या आसपास न राहता ‘अहिल्या’च्याही मागे जातो. ‘लक्ष्मण’ आणि ‘लक्ष्मी’ या नावांना ‘लता’ आणि ‘ललिता’ ओलांडून ‘लहान’च्या पलीकडे जावे लागते. ‘शिक्षण’ हा शब्द ‘शिस्त’च्या मागे पडतो आणि ‘विज्ञान’ तर ‘विकास’, ‘विनोद’, ‘विवेक’, ‘विहीर’ या सर्वांना वाट देऊन शेवटी उभे राहते. वाचनालयाच्या सूचीत शिक्षण आणि विज्ञान या शब्दांनी सुरू होणारी शीर्षके किती असतात याचा अंदाज कोणालाही करता येईल.

नियम म्हणून पाहिले तर यात विसंगती नाही. एकदा ‘क्ष’ हा वर्ण मानला की तो सर्वत्र वर्णच असला पाहिजे, जसा ‘ळ’ शब्दात कुठेही आला तरी ‘ह’नंतरचाच असतो. पण माझ्या वाचनालयातील वाचकांना मी हा प्रश्न विचारून पाहिला, तेव्हा ‘क्षमा’ शेवटी आणि ‘अक्षर’ आरंभी असे दोन्ही एकदम अपेक्षिणारेच बहुतेक निघाले. आपण शब्दाचे पहिले अक्षर वर्णमालेच्या तक्त्यावरून शोधतो आणि पुढची अक्षरे कानाने, जोडाक्षर फोडून, शोधतो, असे मला त्यावरून वाटते. ही सवय तर्कात बसत नसली तरी ती खरी आहे. कॅल्कमध्ये मराठीसाठी असा दुहेरी पर्याय नाही. जर्मनसाठी मात्र तो आहे. भाषेच्या यादीशेजारीच आणखी एक लहान यादी आहे आणि तिथे जर्मन निवडल्यास साध्या क्रमाबरोबर दूरध्वनी-पुस्तिकेचा क्रमही मिळतो. जर्मनीच्या डीआयएन ५००७ या मानकात हे दोन्ही प्रकार मान्य आहेत. शब्दकोशासाठी दोन टिंबांचा ‘ए’ साध्या ‘ए’सारखा धरायचा आणि व्यक्तिनामांच्या यादीत तोच ‘एई’ अशी दोन अक्षरे धरून लावायचा. म्हणजे शब्दांचा क्रम आणि नावांचा क्रम वेगळा असू शकतो हे त्यांनी ओळखले आणि मानकात लिहून ठेवले. चिनी भाषेलाही उच्चारानुसार, रेघांच्या संख्येनुसार आणि मूलाक्षरानुसार असे निरनिराळे पर्याय त्या यादीत मिळतात. मराठीसाठी ‘क्ष, ज्ञ स्वतंत्र’ आणि ‘क्ष, ज्ञ जोडाक्षर’ असे दोन पर्याय व्हावेत, ही माझी मागणी त्यामुळे अवाजवी ठरू नये. ती पूर्ण करण्याची जागा कॅल्क नसून सीएलडीआर आहे. तो कोश खुला असून त्यात भाषाभाषांच्या लोकांनी दिलेली माहिती तपासून घेतली जाते, त्यामुळे मराठीच्या जाणकारांना तिथे आपले म्हणणे मांडता येते.

अनुस्वाराचा प्रश्नही मराठीत पुरता सुटलेला नाही. बाराखडी म्हणताना आपण ‘क, का, कि, की’पासून ‘को, कौ’पर्यंत येतो आणि मग ‘कं, कः’ म्हणतो. त्या हिशेबाने कंधार हे कौठ्याच्याही मागे हवे. मराठीचे संगणकीय नियम मात्र अनुस्वार आणि विसर्ग यांना हिंदीप्रमाणेच सर्वांत आधी ठेवतात, म्हणून पंढरपूर हे पनवेल, पन्हाळा आणि परभणी यांच्या आधी येते. माझे मत इथे नियमाच्या बाजूचे आहे. बाराखडीचा क्रम मुलांना अक्षर ओळखायला शिकवण्यासाठी चांगला आहे, पण छापील यादीत पंढरपूर ‘पौ’च्या मागे ढकलले तर ते शोधायला पाच पाने उलटावी लागतील. अनुस्वार आधी असल्यास निदान त्या अक्षराच्या पानाच्या माथ्यावर नजर टाकून काम भागते. फक्त हा क्रम वाचकाला आधी सांगितला पाहिजे.

दुसरी एक बाब सोपी दिसते पण मला तिनेच सर्वांत जास्त वेळ घ्यायला लावला. ‘ॲ’ हे अक्षर. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेसंबंधी जो निर्णय काढला, त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान दिले. युनिकोडमध्ये ‘ऑ’ मूळ पट्ट्यातच स्वरांच्या रांगेत होता. अखंड ‘ॲ’ मात्र २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आला आणि तोवर शेजारची जागा भरलेली असल्याने त्याला ०९७२ हा क्रमांक, म्हणजे देवनागरी अंकांच्याही पलीकडची जागा, मिळाली. त्याचा परिणाम असा, की निव्वळ सांकेतिक क्रमांकांवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये वकिलांची यादी लावल्यास ‘ॲड.’ने सुरू होणारी सर्व नावे ‘ह’ने सुरू होणाऱ्या नावांच्याही खाली जातात. कॅल्कमध्ये भाषा निवडल्यावर हे अक्षर पुन्हा स्वरांमध्ये येते, ही चांगली गोष्ट. पण ५.१ च्या आधीपासून टंकलेखन करणाऱ्यांनी ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र दिलेला असतो आणि आजही काही कळफलक तसेच उमटवतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. युनिकोड मात्र ती दोन वेगळी मानते आणि सममूल्य म्हणून जोडत नाही. त्यामुळे एकाच सूचीत ‘ॲरिस्टॉटल’ दोन ठिकाणी सापडू शकतो. क्रमवारी लावण्यापूर्वी शोधा-बदला वापरून सर्वत्र एकच रूप करून घेणे, हा त्यावरील उपाय आहे आणि तो कॅल्कमध्ये अर्ध्या मिनिटाचा आहे. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाड’, ‘ऱ्हास’ यांसारख्या शब्दांतील अर्ध्या ‘र’चेही तसेच. तो दोन प्रकारांनी टंकता येतो, दिसतो एकसारखा, पण साठवला जातो निराळा. माझ्या सूचीत एकाच लेखिकेची पुस्तके दोन गटांत विभागली गेली होती ती याच कारणाने.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या याद्या अजून ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या तशाच कॅल्कमध्ये आणून क्रमवारीची अपेक्षा करू नये. त्या फाँटांत पडद्यावर मराठी दिसली तरी आत रोमन अक्षरेच असतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, त्यामुळे ‘किनारा’ आणि ‘विहीर’ हे दोन्ही शब्द वेलांटीच्या गटात जातात. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण साठवली जाते नंतर, आणि म्हणूनच क्रम बरोबर लागतो. याबाबतीत देवनागरी थाई लिपीपेक्षा सुदैवी आहे. थाई लिपीत व्यंजनाच्या आधी लिहिले जाणारे स्वर युनिकोडमध्येही आधीच साठवले जातात आणि क्रमवारी लावताना प्रोग्रामला ती जोडी मनातल्या मनात उलटी करून घ्यावी लागते. जुन्या याद्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून, तपासून, मगच पुढचे काम करावे.

आमच्या वाचनालयात मराठीबरोबर इंग्रजी, हिंदी, गुजराती आणि थोडी कन्नड पुस्तकेही आहेत, त्यामुळे अनेक लिप्या एकाच रकान्यात आल्यावर काय होते हेही पाहणे भाग होते. इंग्रजी नियमांत रोमन शीर्षके आधी आणि देवनागरी खूप नंतर येते. मराठी निवडल्यावर देवनागरी सर्व लिप्यांच्या पुढे येते आणि रोमन तिच्या मागे जाते. मराठी वाचनालयाची सूची मराठी पुस्तकांनी सुरू व्हावी ही अपेक्षा त्यातून आपोआप पुरी होते, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. आकड्यांची व्यवस्थाही समाधानकारक आहे. सांकेतिक क्रमांकांनुसार ‘१८५७’ने सुरू होणारे शीर्षक देवनागरी अंकांत असेल तर ‘ह’च्या खाली आणि इंग्रजी अंकांत असेल तर सूचीच्या पहिल्या ओळीवर जाते. युनिकोडची पद्धती दोन्ही अंकांना पहिल्या पातळीवर समान मानते, म्हणून ती दोन्ही शीर्षके शेजारी येतात. हिंदी पुस्तके मी निराळ्या पानावर ठेवून त्यांना हिंदीचे नियम लावले. मराठी नियमांत लावलेली हिंदी यादी हिंदी वाचकाला तितकीच परकी वाटेल, जितकी हिंदी नियमांतील मराठी यादी मला वाटली.

परदेशी नावांच्या बाबतीत कोणती भाषा निवडावी असा प्रश्न पडतो. डेन्मार्कमधील ऑर्हुस शहराने २०११ पासून आपले नाव पुन्हा दोन ‘ए’ लावून लिहायला सुरुवात केली. इंग्रजी नियमांत ते शहर यादीच्या अग्रभागी येते, पण डॅनिश नियमांत दोन ‘ए’ म्हणजे वर्तुळाचा ‘ए’ आणि तो वर्णमालेचा शेवटचा वर्ण, म्हणून डॅनिश निवडताच ते तळाला जाते. स्पॅनिशमध्ये ‘सीएच’ आणि दुहेरी ‘एल’ ही वर्णमालेतील स्वतंत्र अक्षरे धरून क्रम लावण्याची प्रथा अकादमींनी १९९४ मध्ये बंद केली आणि स्वीडिश कोशात ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ २००६ मध्ये वेगळे झाले. म्हणजे एकाच भाषेचा क्रमही काळानुसार बदलतो. मराठी वाचकांच्या सूचीत रोमन नावांसाठी मी इंग्रजी क्रमच ठेवला, कारण सूची कोणाच्या हातात जाणार आहे यावरून भाषा निवडायची, असे मी ठरवून टाकले आहे.

कॅल्कमधील ही सोय मला सर्वांत जास्त आवडली ती तिच्या जागेमुळे. एक्सेलमध्ये क्रम संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर अवलंबून असतो, असे त्याच्या मदतीच्या पानांवरच म्हटलेले आहे. म्हणजे क्रम बदलायचा तर संपूर्ण संगणकाची मांडणी बदलायची आणि त्यासोबत तारखांचे व आकड्यांचे रूपही बदलू शकते. वाचनालयात एक संगणक चार जण वापरत असताना हे कठीण आहे. कॅल्कमध्ये प्रत्येक क्रमवारीच्या वेळी भाषा निवडता येते, एकाच फायलीतील एक पान मराठीत आणि दुसरे हिंदीत लावता येते. रायटरमध्येही हीच सोय आहे. पुस्तकाच्या शेवटी जोडायची शब्दसूची तयार करताना तिच्या खिडकीत क्रमवारीची भाषा विचारली जाते, आणि संपादनाचे काम करणाऱ्यांनी ती जागा जरूर पाहून घ्यावी. शिवाय ऑप्शन्सच्या त्याच पानावर स्वतः तयार केलेली क्रमसूची वापरण्याची सोय आहे. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ अशी महिन्यांची यादी एकदा प्रोग्रामच्या मांडणीत भरून ठेवली की पंचांगाच्या क्रमाने दिवाळी अंकांच्या किंवा उत्सवांच्या नोंदी लावता येतात. अकारविल्ह्यात आषाढ चैत्राच्या आधी येतो, हे इथे टळते.

उणिवा सांगायच्या तर सर्वांत मोठी ही, की भाषेची निवड दुसऱ्या पानावर दडलेली आहे. ज्या यादीत सर्व मजकूर देवनागरी आहे आणि क्रमाची भाषा इंग्रजी आहे, तिथे प्रोग्रामने एक शब्दाने तरी विचारायला हवे होते. तो विचारत नाही. लावलेल्या यादीवर ती कोणत्या भाषेच्या नियमांनी लावली, याची कोणतीही खूणही राहत नाही, त्यामुळे फाइल दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्याने पुन्हा क्रम लावला तर सगळी मेहनत न कळत मोडते. मी पानाच्या माथ्यावरच ‘क्रम: मराठी’ असे लिहून ठेवते. नियम आवृत्तीगणिक सुधारत असतात, हेही ध्यानात ठेवावे. लिनक्सवरील प्रोग्रामांना लागणाऱ्या ‘जीलिबसी’ या मूळ संग्रहाच्या २.२८ या २०१८ मधील आवृत्तीत क्रमवारीचे तक्ते बदलले, तेव्हा त्या क्रमावर विसंबलेल्या विदागारांच्या (डेटाबेसच्या) अनुक्रमणिका नव्याने बांधाव्या लागल्या होत्या. वाचनालयाच्या सूचीला इतका धोका नाही, पण पुरवणी सूची काढताना मूळ सूचीही पुन्हा एकदा लावून घ्यावी.

शाळा, वाचनालये, सहकारी संस्था, मतदारांच्या किंवा सभासदांच्या याद्या ठेवणारे कार्यकर्ते, पुस्तकांच्या सूची करणारे संपादक या सर्वांना मी कॅल्कची ही सोय निःशंकपणे सुचवते. नावांच्या आधीचे डॉ., ॲड., कै. वेगळ्या रकान्यात काढावेत, टंकनातील दुहेरी रूपे एक करावीत, चिन्हाच्या बटणावर विसंबून न राहता सॉर्टची खिडकी उघडावी आणि भाषा स्वतः निवडावी. छापण्याआधी ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, अनुस्वार आणि ‘ॲ’ यांची प्रत्येकी दोन-तीन नावे हाताने शोधून पाहावीत.

मधल्या ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्याबाबत आम्ही कार्यकारिणीत बरीच चर्चा केली. हाताने नोंदी हलवल्या तर पुढच्या वर्षी नवी पुस्तके घालताना पुन्हा तेच काम करावे लागेल, म्हणून संगणकाचा नियम तसाच ठेवायचे ठरले आणि ‘शिक्षण’, ‘विज्ञान’, ‘अक्षर’ या शब्दांच्या नेहमीच्या जागी ‘पुढे पाहा’ अशा नोंदी दिल्या. नव्या सूचीच्या पहिल्या पानावर आता ठळक अक्षरांत असे छापले आहे: प्रत्येक अक्षरात आधी अनुस्वार व विसर्ग, मग क ते ह, ळ, क्ष, ज्ञ, मग काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरे. ती पहिली प्रत मी त्या शिक्षकांच्या हाती दिली. त्यांनी ‘का’चे पान काढले आणि बोट थेट शेवटच्या ओळींवर नेले.